जिग हुक म्हणजे काय? कृत्रिम माशीसाठी योग्य गळ कसा निवडतात?

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. त्याचे बहुतेक खाणे पाण्याखालीच होते. तळाच्या दगडगोट्यांमधून सुटून प्रवाहाबरोबर वाहत येणाऱ्या किड्यांच्या अळ्या तो टिपतो. म्हणूनच फ्लाय फिशिंग करणारे गळावर दोरा, पिसे आणि केस गुंडाळून या अळ्यांच्या नकला बनवतात. या नकलेला 'निम्फ' म्हणतात. निम्फ तळापर्यंत पोहोचली नाही तर मासा तिच्याकडे फिरकत नाही. पोहोचली, तर गळ दगडात अडकून तुटण्याची भीती. हा पेच सोडवण्यासाठी जिग हुक वापरला जातो.

साध्या गळापेक्षा वेगळे काय?

साध्या गळाची दांडी सरळ असते आणि तिच्या टोकाला तंगूस बांधण्यासाठी नेढे असते. जिग हुकची दांडी नेढ्याच्या जरा अलीकडे टोकाच्या बाजूला वाकवलेली असते. निम्फसाठीच्या गळांत हा कोन बहुधा ६० अंशांच्या आसपास असतो. या वाकणावर जड मणी बसवतात. मण्याचे बरेचसे वजन दांडीच्या पाठीकडे येते, त्यामुळे पाण्यात पाठ खाली आणि गळाचे टोक वर राहते. टोक वर असल्याने ते दगडांत कमी रुतते. अजिबात अडकत नाही, असे मात्र नाही.

मणी कोणता?

साधा गोल भोकाचा मणी या वाकणावर नीट बसत नाही. त्यासाठी एका बाजूला लांबट खाच असलेला मणी लागतो. गळाचे टोक मण्याच्या लहान भोकातून आत घालतात आणि खाच मागच्या बाजूला ठेवतात. मग खाचेत दोरा भरून मणी घट्ट करतात.

धातूही महत्त्वाचा. पितळेची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ८.५ ग्रॅम, शिशाची ११.३ ग्रॅम, तर शुद्ध टंगस्टनची १९.३ ग्रॅम असते. बाजारातले टंगस्टनचे मणी मिश्रधातूचे असल्याने थोडे हलके असतात, तरी पितळेपेक्षा पुष्कळ लवकर बुडतात. शिशाचे वजन स्वस्त पडते, पण ते विषारी आहे. पाणपक्ष्यांच्या पोटात जात असल्याने इंग्लंडमध्ये १९८७ पासून मासेमारीच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली.

आकड्यांचे गणित

गळाचा क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान. म्हणजे १६ क्रमांकाचा गळ १२ क्रमांकापेक्षा छोटा. ढोबळ मानाने १६ क्रमांकाला २.५ मिलिमीटर, १४ क्रमांकाला ३ मिलिमीटर आणि १२ क्रमांकाला ३.५ मिलिमीटरच्या आसपासचा मणी शोभतो. मात्र प्रत्येक कंपनीची मापे थोडी वेगळी असतात. त्यामुळे नुसत्या क्रमांकावर न जाता मणी गळावर घालून पाहणे चांगले.

मणी अर्धा मिलिमीटरने वाढला तर काय बिघडते? पुष्कळ काही. वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे २.५ ऐवजी ३ मिलिमीटरचा मणी सुमारे पावणेदोन पट जड होतो. उथळ, संथ पाण्यात असा मणी तळाशी जाऊन बसतो. खोल, वेगवान धारेत तोच उपयोगी पडतो. मणी फार मोठा असेल, तर टोक आणि दांडी यांमधली मोकळी जागा कमी होते आणि माशाच्या तोंडात गळ नीट रुतत नाही.

तार आणि काटा

जाड तारेचा गळ मोठ्या माशाच्या ओढीने सरळ होत नाही आणि बुडतोही लवकर. बारीक तारेचा गळ माशाच्या तोंडात सहज शिरतो, पण ताण कमी सोसतो. टोक धारदार आहे का, हे नखावर हलकेच टेकवून कळते. घसरले तर बोथट, रुतले तर चांगले.

टोकामागचा उलटा काटा मासा सुटू देत नाही. पण मासा पकडून परत सोडायचा असेल, तर तोच काटा त्याचे तोंड फाडतो. गळ काढायला वेळ लागला की मासा पाण्याबाहेर जास्त राहतो. त्यामुळे निम्फसाठीचे बरेच जिग हुक बिनकाट्याचे मिळतात. फ्लाय फिशिंगची जागतिक स्पर्धा १९८१ मध्ये लक्झेंबर्गला सुरू झाली. या स्पर्धेत काटा नसलेला किंवा पक्कडीने दाबून सपाट केलेलाच गळ चालतो. बिनकाट्याच्या गळाला एकच पथ्य : मासा हाती येईपर्यंत तंगूस सैल पडू द्यायचा नाही.

निवड कुठून सुरू करावी?

सुरुवात दुकानातून नव्हे, नदीपासून करावी. आधी पाण्याची खोली आणि वेग पाहावा, मग त्याला पुरेल इतका मणी ठरवावा आणि शेवटी त्या मण्याला साजेसा गळ घ्यावा. नवशिक्याला १४ क्रमांकाचा, बिनकाट्याचा, मध्यम तारेचा गळ आणि दोन-तीन मापांचे मणी पुरतात. नकलेचे रंग, पिसे हे सगळे त्यानंतरचे.