एका प्रबंधाची अठरा वर्षे

काव्याचे कारण कोणते, या प्रश्नाला मम्मटाने दिलेले उत्तर भारतीय साहित्यविचाराला चांगले परिचित आहे. शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू होतो. ते तीन निरनिराळे हेतू नव्हेत, असे त्याने आवर्जून सांगितले. अभ्यासाच्या बाबतीत त्याने आणखी एक अट घातली. हा अभ्यास काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीने झालेला असावा. आपल्याकडील चर्चेत ही अट सहसा विसरली जाते. प्रतिभा जन्मजात आणि अभ्यास एकांतातला, अशी सोयीची वाटणी करण्यात येते, आणि लेखन वर्गात शिकवता येते काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न किंचित हसून बाजूला सारला जातो. परंतु विसाव्या शतकात एका विद्यापीठाने हा प्रश्न गंभीरपणे घेतला, आणि तेथे शिकलेल्या एका विद्यार्थिनीच्या वाङ्मयीन आयुष्यात त्याचे उत्तर तपासून पाहता येते.

हे विद्यापीठ अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आयोवाचे. पदव्युत्तर पदवीसाठी संशोधनपर प्रबंधाऐवजी सर्जनशील कृतीही स्वीकारली जाईल, असे तेथे 1922 मध्ये जाहीर झाले. पुढे या तत्त्वावर सादर झालेल्या आरंभीच्या कृतींमध्ये पॉल एंगल या तरुण कवीचा काव्यसंग्रह होता. तो 1932 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. 1936 मध्ये विल्बर श्राम यांच्या नेतृत्वाखाली लेखनाची कार्यशाळा रीतसर उभी राहिली आणि 1941 पासून सुमारे पाव शतक तिची धुरा एंगल यांनीच वाहिली. 

फ्लॅनरी ओकॉनर ही वीस वर्षांची विद्यार्थिनी 1945 च्या शरद ऋतूत आयोवाला आली ती पत्रकारितेच्या शिष्यवृत्तीवर. तिचा जन्म 1925 चा, जॉर्जिया राज्यातील सॅव्हाना शहरातला. मिलेजव्हिल या लहानशा गावच्या महिला महाविद्यालयातून तिने समाजशास्त्रांची पदवी घेतली होती. तेथील विद्यार्थी-वृत्तपत्रात तिची व्यंगचित्रे येत आणि महाविद्यालयाच्या वाङ्मयीन नियतकालिकाचे संपादनही तिने केले होते. थोड्या रेषांत माणसाचे हास्यास्पद रूप पकडण्याची हातोटी तिला होतीच; कथा मात्र तिला अजून लिहिता येत नव्हती. एंगल यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, पहिल्या भेटीत तिचे दक्षिणी उच्चार त्यांना उमगेनात, म्हणून आपले म्हणणे कागदावर लिहून देण्यास त्यांनी तिला सांगितले. आपण पत्रकार नाही, आपल्याला लेखनाच्या कार्यशाळेत यायचे आहे, असा त्या मजकुराचा आशय होता.

या वर्गाने तिला प्रथम दिले ते वाचन. आयोवाला येईपर्यंत फॉकनर, काफ्का, जॉइस ही नावेही आपण ऐकली नव्हती, असे ओकॉनर यांनी पुढे एका पत्रात मोकळेपणाने लिहिले आहे. क्लीन्थ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांनी संपादिलेला कथासमीक्षेचा प्रसिद्ध ग्रंथ त्या काळी वर्गात वापरला जाई. कथेचा आशय तिच्या रचनेबाहेर काढून दाखवता येत नाही, ही त्या ग्रंथाची शिकवण होती. दुसरी देणगी वाचकांची. लिहिलेली कथा वर्गात मोठ्याने वाचली जाई आणि तिच्यावर चर्चा होई. ओकॉनर स्वतः या चर्चेत बहुधा गप्पच असत. वर्गात युद्धावरून परतलेले, त्यांच्याहून वयाने मोठे असे अनेक विद्यार्थी होते. जॉर्जियाच्या खेड्यातील बोलणे-चालणे ज्यांना ठाऊक नाही अशा श्रोत्यांपुढे आपली कथा उभी राहते की कोलमडते, हे तेथे पाहावयास मिळे. त्या दिवसांत, जानेवारी 1946 पासून, त्यांनी लिहिलेली एक प्रार्थनांची वही 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. आपण चांगली लेखिका व्हावे, ही तळमळ तिच्यात वारंवार प्रकट होते.

1947 मध्ये पदवीसाठी सादर झालेल्या त्यांच्या प्रबंधात सहा कथा आहेत आणि तो एंगल यांना अर्पण केलेला आहे. या सहा कथा एकत्र वाचल्या म्हणजे शिकणारा हात स्पष्ट दिसतो. ‘वाइल्डकॅट’ या कथेवर फॉकनरची छाया आहे. ‘द बार्बर’मध्ये न्हाव्याच्या दुकानातील वादात महाविद्यालयीन अध्यापकाची फजिती होते, पण कथा वादापलीकडे फारशी जात नाही. ‘द क्रॉप’ मात्र विद्यार्थिदशेचीच कथा आहे. तिच्यातील मिस विलर्टन ही हौशी लेखिका टंकयंत्रापुढे बसून विषय शोधते आणि कुळवाडी शेतमजुरांवर येऊन थांबते. कारण तो विषय कलात्मक दिसेल आणि सामाजिक आस्थेचा मानही मिळवून देईल. त्या माणसांशी तिचा जवळचा परिचय नाही. अनुभवाऐवजी प्रतिष्ठेकडे पाहून विषय निवडणाऱ्या लेखनाची अशी थट्टा वर्गात बसलेल्या विद्यार्थिनीने करावी, यात तिची आत्मपरीक्षणाची शक्ती दिसून येते.

प्रबंधाची शीर्षककथा ‘द जिरेनियम’ 1946 मध्येच ‘अ‍ॅक्सेंट’ या नियतकालिकात छापली गेली होती. दक्षिणेतील आपले घर सोडून मुलीकडे न्यूयॉर्कला राहावयास आलेला वृद्ध डडली रोज समोरच्या खिडकीतील जिरेनियमची कुंडी पाहत बसतो. जिन्यात दम लागला असता शेजारचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ त्याला सौजन्याने हात देऊन वर आणतो, आणि हे सौजन्यच त्या जुन्या वळणाच्या गोऱ्या म्हाताऱ्याला असह्य होते. अखेरीस कुंडी खाली पडते. रोपाची मुळे उघडी पडतात. कथा नीटस आहे. वर्गात शिकवलेली प्रतीकयोजना तिच्यात अचूक वापरलेली आहे. तिचा दोषही हाच. जे म्हाताऱ्याने सोसावयाचे ते फूल सोसते. म्हातारा रडत बसून राहतो.

अशा कथेला पदवी मिळाली की बहुतेक विद्यार्थी तिला मागे टाकतात. ओकॉनर यांनी तसे केले नाही. 1950 नंतरच्या दशकात त्यांनी ती ‘अ‍ॅन एक्झाइल इन द ईस्ट’ या नावाने पुन्हा लिहिली, आणि 1964 मध्ये, ल्युपसच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या असता, ‘जजमेंट डे’ या नावाने तिला अखेरचे रूप दिले. त्याच वर्षी 3 ऑगस्टला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. या अखेरच्या रूपात जिरेनियम नाही. वृद्ध टॅनर खिडकीशी नुसता बसत नाही. मेलो तर आपला देह जॉर्जियातील कोरिंथ गावी कोलमन या कृष्णवर्णीय सोबत्याकडे पाठवावा, अशी चिठ्ठी खिशाला टाचून तो घरी निघतो. मुळे उघडी पडण्याची जी वेदना पूर्वी रोपावर सोपवली होती, ती आता माणसाच्या कृतीत उतरली आहे. कोलमनशी त्याचे नाते कसे जुळले, याचा प्रसंगही कथेत आला आहे : टॅनरने सहज कोरलेला काचा नसलेला लाकडी चष्मा कोलमन डोळ्यांवर चढवतो आणि दोघे एकमेकांना प्रथमच पाहतात. उलट न्यूयॉर्कचा शेजारी आता केवळ सौजन्याची मूर्ती राहिलेला नाही. या म्हाताऱ्याच्या जुन्या संबोधनांचा त्याला संताप येतो आणि तो संताप हिंसक होतो. ओकॉनर यांच्या खाजगी पत्रांतील वंशविषयक उद्गारांवर अलीकडे झालेली टीका रास्तच आहे. तरीही 1946 आणि 1964 या दोन पाठांमधील अंतर मानवी समजुतीचेही आहे, हे नाकारता येत नाही.

प्रबंधातील ‘द ट्रेन’ या कथेचे भाग्यही असेच. तिचा विस्तार व पुनर्लेखन होऊन 1952 च्या ‘वाइज ब्लड’ या कादंबरीचा आरंभ सिद्ध झाला. या कादंबरीच्या आरंभीच्या भागासाठी त्यांना एका प्रकाशनसंस्थेचा पुरस्कार मिळाला होता. मात्र त्या संस्थेच्या संपादकाने कादंबरीला रूढ वळण देण्याचा आग्रह धरताच, 1949 मध्ये, त्यांनी त्याला नम्र पण ठाम नकार कळवला. पुढे कॅरोलाइन गॉर्डन या ज्येष्ठ लेखिकेने त्याच कादंबरीवर केलेली तपशीलवार टीका मात्र त्यांनी कृतज्ञतेने स्वीकारली. वर्गात अनेकांची मते ऐकण्याची सवय झालेल्या लेखकाला कोणते मत आपल्या कृतीच्या हिताचे आणि कोणते तिच्या मुळावर येणारे, हे ओळखता यावे लागते. हा विवेक नसेल तर कार्यशाळा एकाच साच्याच्या कथा काढील, आणि तसा आक्षेप आयोवावर घेतलाही गेला आहे.

राजशेखराने कारयित्री आणि भावयित्री असा प्रतिभेत भेद केला. पहिली कवीची, दुसरी रसिकाची. ओकॉनर यांच्या उदाहरणाचा अर्थ या परिभाषेत स्पष्ट होतो. कारयित्री प्रतिभा वर्गाने त्यांना दिली नाही. ती देण्याचा दावा कोणत्याही वर्गाने करू नये. वर्गाने लेखिकेच्या ठायी भावयित्री प्रतिभा जागी केली. स्वतःची कथा दुसऱ्याची म्हणून ऐकण्याची आणि छापून आलेली कृतीही अपुरी मानण्याची शक्ती ती हीच. मम्मटाच्या ‘अभ्यासा’चा अर्थ याहून निराळा नसावा.

एंगल यांनी ह्वालिंग न्ये यांच्यासह 1967 मध्ये आयोवातच आंतरराष्ट्रीय लेखन-उपक्रम सुरू केला आणि 1975 ते 1977 या काळात दिलीप चित्रे तेथे होते. पण तो उपक्रम सिद्ध लेखकांसाठी आहे. तेथे पदवी नाही, प्रबंधही नाही. भारतीय विद्यापीठांपुढचा प्रश्न त्या आधीच्या टप्प्याचा आहे. येथे साहित्याचा विद्यार्थी इतरांच्या कृतींचे मूल्यमापन करावयास शिकतो. स्वतःचे लेखन मात्र तो बहुधा वर्गाबाहेर, एकट्याने आणि काहीसे चोरून करतो. त्यामुळे त्याची भावयित्री प्रतिभा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि कारयित्री प्रतिभा वहीत, अशी दोघींची ताटातूट होते. या दोघींना एका टेबलाशी बसवणारा वर्ग लेखक निर्माण करील असे नाही. पण ज्याच्या ठायी लेखक आहे त्याची काही वर्षे तो खात्रीने वाचवील.

1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओकॉनर यांच्या समग्र कथासंग्रहात एकतीस कथा आहेत. त्यांचा आरंभ ‘द जिरेनियम’ने होतो आणि शेवट ‘जजमेंट डे’ने. पहिली आणि अखेरची कथा मुळात एकच. प्रबंध सादर झाला 1947 मध्ये. पूर्ण झाला तो 1964 मध्ये.