पोटातली नळी आणि दोन किल्ल्या

मंडळाच्या गणेशोत्सवात आमचा नातू आपल्या चाकाच्या खुर्चीत बसून आरतीला असतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले आहे. आरती झाली की त्याची आई त्याला एका कोपऱ्यात नेते, शर्ट थोडा वर करते आणि पोटावरच्या एका छोट्या बटणाला नळी जोडून दूध देते. यंदा तीन-चार जणांनी मला बाजूला घेऊन विचारले, "काका, ते काय आहे? दुखत नाही का त्याला?" एका आजींनी तर मायेने मोदकाचा तुकडा त्याच्या तोंडाजवळ नेला आणि सूनबाईने घाईघाईने त्यांचा हात धरला. आजींना वाईट वाटले, सूनबाईला त्याहून जास्त. म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. इंदूरमध्ये बँकेतून निवृत्त झालेला एक आजोबा आहे. पुढे जे लिहिले आहे ते आमच्या डॉक्टरांनी आणि नर्सने शिकवलेले व घरात रोज केलेले आहे. प्रत्येक मुलाची नळी आणि आजार वेगळा असतो, त्यामुळे आपल्या मुलासाठी आकडे आपल्या डॉक्टरांचेच धरावेत.

ही नळी कशासाठी?

आमच्या नातवाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याच्या घशाचे स्नायू वेळेवर काम करत नाहीत. घास अन्ननलिकेत जाण्याऐवजी श्वासनलिकेत उतरतो, ठसका लागतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. मोदकाचा तुकडा अडवला तो यासाठी. काही मुलांना थोडी चव तोंडाने देता येते, पण किती आणि कशी हे तज्ज्ञाने तपासून सांगावे लागते.

थोड्या दिवसांचा प्रश्न असेल तर नाकातून पोटापर्यंत नळी घालतात. दीर्घकाळ लागणार असेल तर पोटाच्या कातडीतून थेट जठरात छोटा मार्ग करतात. याला गॅस्ट्रोस्टॉमी म्हणतात. दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न उघडता हा मार्ग करण्याची पद्धत १९७९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड येथे डॉ. गौडरर आणि डॉ. पॉन्स्की यांनी सुरू केली. पहिला रुग्ण काही महिन्यांचे बाळच होते. म्हणजे ही पद्धत मुळात लहान मुलांसाठीच निघाली. मार्ग एकदा भरून आला की एरवी तो दुखत नाही.

आमच्याकडे आहे ते बटण. बाहेर कातडीलगत चपटे झाकण, आत जठरात पाण्याने भरलेला छोटा फुगा. हा फुगाच बटणाला जागेवर धरून ठेवतो. बटणाला दोन तोंडे असतात, एक दुधाचे आणि दुसरे फुग्यात पाणी भरण्याचे. या दोघांत गफलत करू नये. दूध किंवा औषध फुग्याच्या तोंडात कधीही घालायचे नाही.

बटणाला दोन मापे असतात. जाडी 'फ्रेंच' या मापात मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, त्यामुळे १२ फ्रेंचची नळी ४ मिलिमीटर जाड असते. दुसरे माप लांबीचे. मूल वाढले, अंगाने भरले की लांबी बदलावी लागते. बटण घट्ट होऊन कातडीत रुतत असेल तर ते डॉक्टरांना दाखवावे.

बटण महाग असल्यामुळे आपल्याकडे अनेक ठिकाणी लघवीसाठी वापरतात ती फोलीज नळीच पोटात घालतात. ती चालते, पण तिला बाहेरून धरून ठेवणारी चकती नसते. ती हळूहळू आत सरकली तर फुगा जठराचे पुढचे तोंड बंद करतो आणि मुलाला उलट्या सुरू होतात. म्हणून कातडीच्या पातळीवर नळीवर पेनाने खूण करून ठेवावी आणि रोज पाहावी.

रोजची निगा

हात साबणाने धुवून, साध्या साबणाच्या पाण्याने बटणाभोवतीची कातडी रोज पुसावी आणि नीट कोरडी करावी. ओल राहिली की कातडी खराब होते. आमचे बटण आम्ही रोज एकदा हलकेच पूर्ण फिरवतो. मात्र काही नळ्या पुढे आतड्यापर्यंत गेलेल्या असतात, त्या फिरवायच्या नसतात. नव्या शस्त्रक्रियेनंतरही डॉक्टर सांगेपर्यंत फिरवू नये.

छिद्राभोवती कधी लालसर, ओलसर मांस वाढते. ते बऱ्याच मुलांना होते. घाबरू नये, पण दाखवावे. पसरत जाणारी लाली, पू, दुर्गंधी, ताप किंवा हात लावताच दुखणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. मग थांबू नये.

आठवड्यातून एकदा फुग्यातले पाणी मोजावे. एका हाताने बटण जागेवर धरून सिरिंजने सगळे पाणी काढायचे, किती निघाले ते पाहायचे आणि ठरलेले माप पुन्हा भरायचे. पाणी निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड असावे. सलाइन किंवा हवा भरू नये. दर आठवड्याला पाणी कमी निघत असेल तर फुगा गळतो आहे, बटण बदलायची वेळ आली. नव्या मार्गात मात्र ही मोजणी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करू नये.

दूध देताना मुलाचे डोके आणि छाती वर असावी आणि नंतरही अर्धा ते एक तास आडवे करू नये. दुधाच्या आधी व नंतर, तसेच प्रत्येक औषधाच्या आधी व नंतर सांगितलेले पाणी ढकलावे, नाहीतर नळी चोंदते. दोन औषधे एकत्र कालवू नयेत. कोणतीही गोळी कुटण्याआधी औषधवाल्याला विचारावे, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. नळी चोंदलीच तर कोमट पाणी सिरिंजने हलकेच आत-बाहेर करावे. तार घालू नये, जोर लावू नये.

घरचे अन्न वाटून देण्याबद्दल आमच्या घरात बरीच चर्चा झाली. आजीला वाटायचे, वरणाचे पाणी दिले की झाले. पण वरणाच्या नुसत्या पाण्यात ताकद फारच कमी असते, पोट भरते आणि वजन वाढत नाही. घरचे अन्न द्यायचे तर आहारतज्ज्ञाकडून प्रमाण घ्यावे, बारीक वाटून गाळावे आणि ताजेच द्यावे. इंदूरच्या मे महिन्यात बाहेर ठेवलेले दूध किती टिकते हे आपल्याला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. तोंडाने खात नसला तरी मुलाचे दात घासावेच लागतात. तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत जातात.

त्या दिवशी काय झाले

हे सगळे सूनबाईला पाठ होते. फक्त सूनबाईला. आम्ही बाकीचे दूध देऊ शकत होतो, तेवढेच.

गेल्या वर्षी मुलगा आणि सूनबाई उज्जैनला एका लग्नाला गेले. नातवाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच दोघे मिळून बाहेर पडले होते. सकाळी अकराच्या सुमारास मी नातवाचा बनियन बदलत होतो. बनियन कशात तरी अडकला म्हणून ओढला, आणि बटण माझ्या हातात आले. फुगा जवळजवळ रिकामा होता. लग्नाच्या गडबडीत त्या आठवड्याची मोजणी राहून गेली होती.

नवे बटण कपाटात होते. ते कसे घालायचे हे ना मला माहीत, ना त्याच्या आजीला. मी छिद्रावर गॉझ ठेवून चिकटपट्टी लावली आणि सूनबाईला फोन लावत बसलो. लग्नाच्या बँडमध्ये फोन ऐकू गेला नाही. रुग्णालयात पोहोचेपर्यंत दोन तास गेले होते. तोवर छिद्र आकसले होते. नेहमीचे १४ फ्रेंचचे बटण आत जाईना. बारीक नळी घालावी लागली आणि पुढचे काही दिवस एकेक माप वाढवत मार्ग पुन्हा मोठा करावा लागला. दर वेळी तो रडला. सूनबाई त्यानंतर चार महिने घराबाहेर पडली नाही. कोणी तिला बोल लावला नव्हता. पण आपण नसलो की काहीतरी होणार, हे तिच्या मनात बसले.

बँकेत तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. नोकरीभर हा नियम मी पाळला. घरी मात्र सगळ्यात मोठ्या जबाबदारीची सगळी माहिती एकाच माणसाकडे ठेवली, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

नळी बाहेर आली तर

पहिला प्रश्न, मार्ग जुना आहे की नवा? शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे, साधारण दोन ते तीन महिने, मार्ग पक्का झालेला नसतो. त्या काळात घरी नळी घालायचा प्रयत्न अजिबात करू नये. ती जठराबाहेर पोटाच्या पोकळीत जाऊ शकते आणि त्यात दूध गेले तर जिवावर बेतते. छिद्र स्वच्छ गॉझने झाकून तडक रुग्णालय गाठावे.

मार्ग पक्का असेल आणि डॉक्टरांनी शिकवले असेल तर मात्र लगेच नळी घालावी. छिद्र काही तासांतच आकसू लागते. नवे बटण हाताशी नसेल तर जुनेच धुवून आत सरकवावे आणि चिकटपट्टीने धरून ठेवावे, म्हणजे मार्ग उघडा राहतो. अशा नळीतून दूध द्यायचे नाही, रुग्णालयात जायचे.

बटण कसे बदलतात

फुग्याचे बटण साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलावे लागते. पहिला बदल डॉक्टरच करतात. पुढचे बदल त्यांच्यासमोर शिकून घरी करता येतात. आमचा क्रम असा :

१. पोट रिकामे असताना, म्हणजे दुधाच्या वेळेआधी करावे. हात धुवावेत आणि मुलाला उताणे झोपवावे.
२. नव्या बटणाच्या वेष्टनावर जाडी, लांबी आणि मुदत वाचावी.
३. नव्या फुग्यात पाणी भरून तो गोल फुगतो का, गळत नाही ना, हे पाहून पाणी काढून घ्यावे.
४. टोकाला पाण्यात विरघळणारी जेली लावावी. तेल किंवा व्हॅसलीन नको.
५. जुन्या फुग्यातले सगळे पाणी काढून बटण सरळ, हलकेच ओढावे.
६. नवे बटण लगेच सरळ आत घालावे. अडले तर थांबावे, मुलाला शांत होऊ द्यावे, पुन्हा प्रयत्न करावा. जोर करू नये. नाहीच गेले तर एक माप बारीक नळी घालून रुग्णालयात जावे.
७. फुग्यात ठरलेले पाणी भरावे. बटण हलकेच ओढून आणि फिरवून पाहावे.
८. दूध देण्याआधी नळी जठरातच आहे याची खात्री करावी. सिरिंजने थोडा जठररस ओढून पीएच पट्टीवर टाकावा. आकडा ५.५ किंवा त्याहून कमी हवा. आम्लपित्त कमी करणारी औषधे चालू असतील तर आकडा वाढू शकतो, तेव्हा काय करायचे ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.
९. मग थोडे पाणी, मग दूध. तारीख वहीत लिहावी.

रस निघत नसेल, मूल कळवळत असेल, पोट फुगत असेल, उलट्या होत असतील किंवा एक-दोन थेंबांपेक्षा जास्त रक्त येत असेल तर दूध द्यायचे नाही. सरळ रुग्णालयात.

पिशवी आणि दुसरी किल्ली

आता नातवाच्या खुर्चीला एक छोटी पिशवी कायम टांगलेली असते. त्यात त्याच मापाचे एक बटण, एक माप बारीक नळी, सिरिंज, जेली, निर्जंतुक पाणी, पीएच पट्ट्या, गॉझ, चिकटपट्टी आणि एक कार्ड आहे. कार्डावर बटणाचे माप, फुग्यातल्या पाण्याचे माप, शस्त्रक्रियेची व शेवटच्या बदलाची तारीख आणि डॉक्टरांचा फोन लिहिलेला आहे. फुग्याच्या मोजणीची वही स्वयंपाकघरात दुधाच्या कॅलेंडरशेजारी असते. रविवारी मोजणी, सही माझी.

त्या प्रसंगानंतर मी, त्याची आजी आणि त्याचा बाबा तिघेही नर्सकडे बसून शिकलो. पहिल्यांदा बटण मी बदलले तेव्हा हात थरथरत होते. नातू माझ्याकडे पाहून हसला. काम दोन मिनिटांचे होते. गेल्या वेळी आजीने बदलले, आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे हे मान्य करतो.

आपल्या परिवारात असे मूल असेल तर एवढेच सुचवतो, की घरातल्या किमान दोघांनी हे काम हाताने करून शिकावे, नुसते पाहून नव्हे. आणि मंडळात असे मूल दिसले तर विचारायला संकोच करू नका. फक्त तोंडात काही देण्याआधी आईला विचारा.

सूनबाईने यंदा मंडळाच्या नाटकात काम घेतले आहे. तालमी संध्याकाळी सात ते नऊ असतात. तेवढा वेळ नातू आणि पिशवी माझ्याकडे असते.