आतड्याच्या कॅन्सरची गोळी : वावर विकण्याआधी हे वाचा

राळेगाव तालुक्यातल्या कापसाच्या गावांत कुणाला कॅन्सर झाल्याचे कळले की घरात दोनच वाक्ये ऐकू येतात. 'आता काही खरं नाही' आणि 'वावर विकू, पण माणूस वाचवू.' दोन्ही वाक्यांमागे माया असते, पण माहिती नसते. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कॅन्सरवर आता घरी घेण्याच्या गोळ्या आल्या आहेत. त्यांच्या नावाने कर्ज काढण्याआधी त्या काय करतात व काय करीत नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

गोळी कधी देतात?

हा कॅन्सर लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने पुष्कळदा पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर तो यकृतात, फुप्फुसात पसरतो. मग केमोथेरपी देतात. तिचाही उपयोग होईनासा झाला की डॉक्टर रेगोराफेनिब या गोळीचा विचार करतात. बायर कंपनीच्या या औषधाला अमेरिकेत सप्टेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली.

केमोथेरपी म्हणजे साऱ्या शेतावर केलेली फवारणी. तणाबरोबर थोडे पीकही होरपळते. रेगोराफेनिबची रीत निराळी आहे. कॅन्सरची गाठ वाढण्यासाठी स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. ही गोळी तो पाट अडवते, आणि गाठीला 'वाढ' असा हुकूम देणारे काही संदेशही रोखते. नेमक्या जागी मारा करते म्हणून हिला लक्ष्यवेधी औषध म्हणतात. तरीही शरीराच्या निरोगी भागाला तिचा त्रास होतोच.

फायदा किती?

हा प्रश्न विचारायला घरची माणसे कचरतात. पण विचारलाच पाहिजे.

बाकीचे उपचार संपलेल्या ७६० रुग्णांवर या गोळीची मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध नसलेली गोळी मिळालेल्यांपैकी निम्मे रुग्ण ५ महिन्यांपेक्षा जास्त जगले. रेगोराफेनिब मिळालेल्यांत हाच आकडा ६.४ महिने होता. म्हणजे फरक साधारण सहा आठवड्यांचा. गाठ बरीच लहान झाली असे रुग्ण शंभरात एक होते. मात्र आजार काही काळ जागीच थांबला असे शंभरात सुमारे ४१ होते. औषध नसलेल्या गटात ते १५ होते. चीन, कोरिया, व्हिएतनाम अशा आशियाई देशांतल्या २०४ रुग्णांच्या चाचणीत हे आकडे ८.८ व ६.३ महिने आले.

कुणाला याहून पुष्कळ जास्त लाभ होतो, कुणाला मुळीच होत नाही. पण ही गोळी आजार मुळापासून काढत नाही. 'या गोळीने बरे होतील' असे कुणी सांगितले तर ते खरे मानू नका.

किंमत ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे

रेगोराफेनिबची एक सख्खी बहीण आहे, सोराफेनिब. दोघींच्या रचनेत फक्त एका फ्लोरीन अणूचा फरक. सोराफेनिब यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर देतात. तिची महिन्याची किंमत होती २,८०,४२८ रुपये. ज्यांना हे औषध हवे होते त्यांच्यापैकी जेमतेम शंभरात दोघांपर्यंत ते पोहोचत होते.

९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी निकाल दिला. हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध महिना ८,८८० रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना मिळाला. असा हा भारतातला पहिलाच परवाना. दरवर्षी निदान ६०० गरजू रुग्णांना औषध फुकट द्यावे, अशीही अट घातली गेली. बायर कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जुलै २०१४ मध्ये तिची याचिका फेटाळली गेली. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिला दाद दिली नाही.

हा आदेश रेगोराफेनिबला लागू नव्हता. पण औषधाची किंमत कायद्याने खाली येऊ शकते, हे त्यातून दिसले. म्हणून चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव लिहून मागा. चार ठिकाणी भाव विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

घरी गोळी देताना

गोळी घरी घ्यायची असली तरी उपचार दवाखान्याचाच असतो. नेहमीचा पूर्ण डोस ४० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. तीन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा थांबायचे. सोबत कमी तेलाचे जेवण हवे. भाकरी आणि पातळ वरण चालेल, तर्रीचा रस्सा नको. एका दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवाव्यात.

सर्वांत जास्त त्रास होतो तळहात व तळपायांना. ते लाल होतात, जळजळतात, फोड येतात. कापूस वेचणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या माणसाला हा त्रास फार भोवतो. मऊ चप्पल घाला, कढत पाणी टाळा, मलम आधीपासून लावा. त्या दिवसांत वेचणी व निंदणीची कामे दुसऱ्याकडे सोपवा. पहिली जळजळ होताच डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो. कमी डोसने सुरुवात करून दर आठवड्याला वाढवत नेल्यास गोळी अधिक सोसवते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले आहे.

रक्तदाब वाढू शकतो. यकृताला गंभीर इजाही होऊ शकते. म्हणून पहिले दोन महिने निदान दर पंधरा दिवसांनी यकृताची रक्ततपासणी, आणि पहिले सहा आठवडे दर आठवड्याला रक्तदाब तपासणे जरुरीचे आहे. रक्तदाब गावाजवळच्या सरकारी दवाखान्यातही पाहता येतो. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर थांबू नका. जडीबुटीचा काढा डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

निर्णयाआधी विचारा

नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात, सेवाग्रामला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाल तेव्हा हे प्रश्न कागदावर लिहून न्या. आमच्या माणसाची ताकद ही गोळी सोसण्याइतकी आहे का? गाठीची जनुकतपासणी झाली का, आणि त्यावरून दुसरे औषध बसते का? ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिल ही वेगळी गोळी चालेल का? उपयोग होतो की नाही हे किती आठवड्यांनी कळेल, आणि नसेल होत तर बंद कधी करायची? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते? शेवटचा प्रश्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. योजनेचा फुकट फोन १५५३८८ आहे. उपचारासाठी रेल्वेने जाताना कॅन्सर रुग्णाला व सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. त्याचा दाखला रुग्णालयातून घ्या.

आणि प्रत्यक्ष रुग्णालाही विचारा. पुष्कळ घरांत सारे ठरते, फक्त ज्याचा देह आहे त्याला कुणी विचारत नाही. कुणाला ते दोन महिने हवे असतील, नातवाचे लग्न पाहायचे असेल. कुणाला फोड आलेल्या पायांनी चकरा मारण्यापेक्षा घरच्या ओसरीत बसायचे असेल. गोळी नाकारणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. वेदना कमी करणारी औषधे, मॉर्फिनसुद्धा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळू शकतात. ती मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

शेवटी, ज्या घरात आज हा आजार नाही त्यांच्यासाठी. संडासवाटे रक्त पडले की आपण मूळव्याध म्हणून मोकळे होतो. आया-बहिणी तर लाजेने बोलतही नाहीत. रक्त पडत असेल, संडासची सवय कित्येक आठवडे बदललेली असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, अंगात रक्त कमी झाले असेल, तर सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या आणि पुढे दुर्बिणीची तपासणी लागेल का ते विचारा. मूळव्याध निघाली तर उत्तमच. कॅन्सर निघाला तरी तो लवकर सापडलेला बरा.