भाताबरोबर गेलेले मीठ

लेखमाला : घामाचा घास (भाग 9)

सावजी रश्श्यावरच्या तर्रीबद्दल आज लिहायचे ठरले होते. ते पुढे ढकलतो आहे. सोमवारी पवनीतल्याच एका वाचकाची चिठ्ठी हातात पडली, आणि तिला उत्तर दिल्याशिवाय तेलाच्या गोष्टी सांगत बसणे मला जमणार नाही.

हा वाचक धान खरेदी केंद्रावर हमाली करतो. दिवाळी झाली, त्याने भात बंद केला. सकाळी अंडी, दुपारी कूट घातलेली वांग्याची भाजी, रात्री मरळीचा रस्सा आणि वरून जवसाचे तेल. पोट भरत होते, चार दिवसांत दीड किलो वजनही उतरले. त्याच आठवड्यात खरेदी सुरू झाली. पाचव्या दिवशी 40 किलोचा कट्टा पाठीवर घेऊन थप्पीवर चढताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कट्टा टाकून तो तिथेच बसला. नशीब, कुणाला लागले नाही. सोबतचे म्हणाले, भात खा, नाहीतर घरी बस. चिठ्ठीच्या शेवटी तो विचारतो, "भाऊ, माझ्या अंगात काही खोट आहे का?"

नाही. त्याचे मीठ कमी पडले, आणि त्याने आठवडा चुकीचा निवडला. या दोन्ही गोष्टी मी पहिल्या तीन भागांतच सांगायला हव्या होत्या.

आधी त्या दीड किलोचे बघू. स्नायू आणि यकृत मिळून आपल्या अंगात साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन साठलेले असते, म्हणजे भात-पोळीतून आलेली साखर. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात थांबला की हा साठा उतरतो आणि ते पाणी सुटते. दुसरीकडे रक्तातले इन्सुलिन खाली येते. इन्सुलिनचे एक काम असे की ते मूत्रपिंडाला मीठ राखून ठेवायला लावते. ते कमी झाले की मूत्रपिंड मीठ सोडू लागते आणि मिठामागे पाणी जाते. पहिल्या आठवड्यात लघवीला वारंवार जावे लागते ते यामुळे. उतरलेल्या दीड किलोत चरबी थोडी होती, बाकी बहुतेक पाणी होते.

ऑफिसात बसणाऱ्याला एवढ्याने फार तर डोके दुखेल. हमालाचे तसे नाही. एक लिटर घामातून साधारण 1 ग्रॅम सोडियम जाते, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. कुणाचे कमी जाते, कुणाचे याच्या दीडपट. कामाच्या दिवशी दोन-चार लिटर घाम गाळणाऱ्याचे मीठ लघवीतूनही जाते आणि घामातूनही. रक्तातले पाणी घटते, दाब उतरतो. वाकून ओझे उचलल्यावर उभे राहताना डोळ्यांपुढे अंधार येतो तो इथे.

आता आपल्या ताटाकडे बघा. पवनीच्या पट्ट्यात नुसता भात कोण खातो? भाताला मुळात मीठ नसते, म्हणून सोबत खारट लागते. जवसाची चटणी, आंब्याचे लोणचे, भाजलेली सुकट, मीठ घातलेली पेज. रोवणीला गेलेल्या बायांची दुपारची शिदोरी आठवा. भात डबाभर आणि त्याच्या कोपऱ्यात तिखट-मिठाचा गोळा. कामकऱ्याचे निम्मे मीठ या सोबत्यांतून येत होते. भात उठला की लोणचे कशाशी खायचे, पेज कशाची करायची? चटणी अंड्याबरोबर कुणी घेत नाही. या वाचकाच्या घरी तेच झाले. मी विचारले तेव्हा त्याने सांगितले, लोणच्याची बरणी दिवाळीपासून उघडलीच नाही.

मी स्वतः हे भोगले आहे. पहिल्या वेळी भात सोडला तो ऐन जूनमध्ये, शेतात धुरे बांधायचे काम चालू असताना. चौथ्या दिवशी फावडे हातातून सुटले आणि मी बांधीतच बसकण मारली. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी तांब्याभर ताक दिले, त्यात मूठभर वाटावे इतके मीठ. अर्ध्या तासात उभा राहिलो. त्यांनी इन्सुलिनचे नाव ऐकले नव्हते. घाम गाळणाऱ्याला काय लागते ते त्यांना ठाऊक होते.

हीच चूक लष्करांनीही केली आहे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात पायदळाच्या एका तुकडीला नुसत्या पेमिकनवर ठेवून पाहिले. पेमिकन म्हणजे सुकवलेले मांस आणि वितळवलेली चरबी यांची वडी, उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा प्रवासातला शिधा. तीन-चार दिवसांत सैनिक गळून गेले. 1945 साली निष्कर्ष छापून आला की हा शिधा फौजेच्या कामाचा नाही. पण त्याच्या साठ-पासष्ट वर्षे आधी, 1878 ते 1880 या काळात, फ्रेडरिक श्वाट्का नावाचा अमेरिकन लेफ्टनंट उत्तर कॅनडाच्या बर्फातून 3000 मैलांहून जास्त चालला होता, बहुतेक वेळ शिकारीच्या मांसावर. त्याने नोंदवून ठेवले आहे की सुरुवातीला अशक्तपणा येतो आणि दोन-तीन आठवड्यांत तो जातो. सैनिकांना ते दोन-तीन आठवडे मिळालेच नाहीत.

स्टीफन फिनी या अमेरिकन डॉक्टरने 1983 मध्ये हे सायकलपटूंवर तपासले. पाच जण, चार आठवडे, दिवसाला 20 ग्रॅमपेक्षा कमी पिष्ट, बाकी बहुतेक चरबी. मीठ आणि पोटॅशियम मोजून वरून दिलेले. मध्यम जोराने थकेपर्यंत सायकल चालवायची. आधी सरासरी 147 मिनिटे टिकले, चार आठवड्यांनी 151. म्हणजे घट झाली नाही. पाचच माणसे होती हे खरे, आणि त्यांच्यातही कुणाचे खूप वाढले, कुणाचे घटले. तरी मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट वरून दिलेले ते मीठ वाटते. लोक फिनीचे नाव घेतात आणि मीठ विसरतात.

आता दुसरी चूक, कामाचा प्रकार आणि वेळ. मध्यम चालीचे, दिवसभराचे काम चरबीवर उत्तम होते. मे महिन्यात पहाटे जंगलात शिरून तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया, गुरांमागे मैलोन् मैल फिरणारा गोवारी, यांची चाल त्याच जातीची. सडपातळ माणसाच्या अंगावरही आठ-नऊ किलो चरबी असते, म्हणजे 60,000 किलोकॅलरींहून जास्त. ग्लायकोजेनचा सगळा साठा 2000 च्या आसपास. तेंदूवालीला हा मोठा साठा उघडता आला तर दुपारी तिची भुकेने तडफड होणार नाही.

कट्टा उचलणे मात्र झटक्याचे काम. तिथे ग्लायकोजेनच लागते, आणि दर फेरीला लागते. शिवाय एक लिटर ऑक्सिजनमागे पिष्टातून सुमारे 5 किलोकॅलरी मिळतात, चरबीतून 4.7. फरक छोटा दिसतो, पण धाप लागलेल्या माणसाला तो जाणवतो. 2017 मध्ये लुईस बर्क यांनी ऑलिंपिक दर्जाच्या चालपटूंवर केलेल्या अभ्यासात तीन आठवडे चरबीवर राहिलेल्यांना त्याच वेगाला जास्त ऑक्सिजन लागला आणि त्यांची 10 किलोमीटरची वेळ सुधारली नाही. पिष्ट खाणाऱ्यांची सुधारली. म्हणून हमालाने शून्यावर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे कष्टकरी माणूस दिवसाला अर्धा किलो तांदूळ सहज खातो, त्यात 400 ग्रॅम पिष्ट. ते 100 ते 130 वर आणले तरी पुष्कळ झाले. पाळीच्या आधी एक-दीड वाटी भात, बाकी अंडी, मासे, शेंगदाणे, जवस, तीळ. आणि सुरुवात खरेदीच्या दिवसांत करूच नये. काम ढिले असते तेव्हा तीन आठवडे हातात घ्यावेत. रोवणी करणाऱ्यांनी रोवणीत नाही, तेंदूवाल्यांनी मेमध्ये नाही.

या वाचकाला मी काय सांगितले ते लिहून ठेवतो. जेवणातले नेहमीचे मीठ तसेच ठेवायचे, आणि कामाच्या दिवशी वरून एक लहान चमचा, म्हणजे 5 ग्रॅम. निम्मे सकाळी अंड्यांबरोबर गरम पाण्यात किंवा माशाच्या पातळ रश्श्यात, निम्मे दुपारच्या ताकात. लोणच्याची बरणी उघडायची. सुकट अंड्यात परतून खायची, फार छान लागते. चक्कर आली तर ओआरएसचे पाकीट फोडून लिटरभर पाण्यात टाकायचे. त्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते म्हणून घाबरायचे नाही. आतड्यातून मीठ आत ओढून घ्यायला ते ग्लुकोजच मदत करते.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, हे मला माहीत आहे आणि सर्वसाधारण माणसासाठी ते योग्य आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी माझा चमचा उचलू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात कमी करू नये. औषध तेवढेच राहिले आणि भात गेला तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. आणि आपल्या भागात सिकलसेल अनेक घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाला अंगातले पाणी कमी होणे हेच दुखण्याचे निमित्त होते. अशा घरात हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करूच नये, कितीही हुरूप आला तरी.

मंगळवारी तो वैजेश्वर घाटावर भेटला. भात एक वाटी परत सुरू केला आहे आणि ताकाची बाटली कट्ट्यांजवळ ठेवतो. शेजारचा हमालही त्यातून दोन घोट घेतो म्हणाला, भात न सोडता.

तर्री पुढच्या आठवड्यात. जवसाच्या तेलात केलेला जुना कोष्टी रस्सा आणि आजचा हॉटेलातला यांत फरक काय, ते एका जाणत्या आजींकडून समजून घेऊन लिहीन.