कोरले ते गेले, उरली ती रेषा

मागच्या वेळी आपण अभावावर बोललो. वैशेषिकांनी 'नसणे' हा सातवा पदार्थ मानला. त्यातला प्रध्वंसाभाव फार विलक्षण. घडा फुटला की त्याचे नसणे सुरू होते आणि मग ते कधीच संपत नाही. नवा घडा आणाल हो, पण तो 'तो' घडा नव्हे. आज हेच आपल्याला एका चित्रात बघायचे आहे.

चित्रकर्त्या झरिना हाश्मी. जन्म १९३७चा, अलिगढचा. वडील तिथल्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, त्या स्वतः गणिताच्या पदवीधर. १९५९मध्ये आईवडील कराचीला गेले आणि अलिगढचे घर सुटले.

चित्राचे नाव 'डिव्हायडिंग लाइन', साल २००१. कागदावर एक वेडीवाकडी काळी रेषा, बस्स. ही भारत-पाकिस्तानची सीमा. गावे नाहीत, नद्या नाहीत, माणसे नाहीत. रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ला भारतात आले, आणि त्यांचा निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला. म्हणजे दोन दिवस पंजाब-बंगालातल्या कित्येकांना स्वातंत्र्य होते, पण देश कोणता हे ठाऊक नव्हते!

पण खरी गोष्ट आहे ती करणीत. हा लाकडी ठसा आहे. ठशात आपण जे कोरून काढतो ते छापले जात नाही. जे उरते ते छापले जाते. तेव्हा झरिनांनी रेषा कोरलेली नाही. त्यांनी दोन्ही बाजूंची भूमी खरवडून काढली, म्हणून रेषा उरली. पटाशीचे ओरखडे आजूबाजूला दिसतात, तेही त्यांनी पुसलेले नाहीत. सीमा म्हणजे काय, यावर आम्ही वर्गात वर्षानुवर्षे बोललो. इतके नेमके आम्हाला कधी सांगता आले नाही.

आता एक अडचण. नैयायिक म्हणतात, अभाव कळायचा तर त्याचा प्रतियोगी, म्हणजे जे नाही ते, आधी ठाऊक हवे. घडा माहीतच नसेल तर 'घडा नाही' हे कसे कळणार? मग अलिगढचे ते घर न पाहिलेल्या आपल्याला त्याचे नसणे का जाणवावे?

त्यासाठी त्यांची २००४ची 'लेटर्स फ्रॉम होम' ही आठ चित्रांची मालिका बघा. बहीण राणीने कराचीहून उर्दूत पत्रे लिहिली होती, पण टपालात टाकली नव्हती. आईवडील गेले, घर विकले, असे सगळे त्यांत आहे. त्या हस्ताक्षरावर झरिनांनी घरांचे आराखडे आणि नकाशे छापले. उर्दू न येणाऱ्याला अक्षर दिसते, मजकूर कळत नाही. आराखडा मात्र वाचता येतो: ही भिंत, हे दार.