बाहुलीच्या घराला नळ : हुनर नळात नाही, मोरीत आहे

लग्नसराई संपून बाजार थंड पडला की आमच्या दुकानात कारागीर मंडळी येऊन बसतात. चहा होतो आणि एरवी घाईत राहून गेलेल्या कामांच्या गोष्टी निघतात. गेल्या पावसाळ्यात असेच एक काम चालून आले आणि त्यात आमचेही हात पोळले. काम होते बाहुलीच्या घराला खऱ्या पाण्याचा नळ बसविण्याचे. विषय पोरखेळाचा वाटेल. पण त्यात जे शिकायला मिळाले ते सुतार, तांबट, नळजोडणी करणारे आणि आमच्यासारखे कापडवाले अशा सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून ते येथे मांडत आहोत. घरात बाहुली ठेवावी की नाही, हा उलेमांचा विषय आहे. आम्ही फक्त घराचे बोलतो.

आमच्या ओळखीचे एक फर्निचर कारागीर आहेत. सगळा मोहल्ला त्यांना उस्ताद म्हणतो. एका गिऱ्हाईकाने त्यांना नातीसाठी तीन फूट रुंद, दोन मजली लाकडी घर सांगितले. अट एकच : स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये आणि न्हाणीत नळ सोडला की खरे पाणी आले पाहिजे. पडदे, गाद्या आणि गालिच्याचे कापड आम्ही दिले. उस्तादांनी छपराखाली टाकी ठेवली, अगदी बारीक नळी भिंतीतून आणली आणि पितळेचा सुरेख नळ घडवला. काम पाहून आम्ही माशाअल्लाह म्हटले.

माल पोहोचविण्याच्या दिवशी गिऱ्हाईकासमोर नळ सोडला. पाणी येईना. उस्तादांनी नळी काढून तोंडाने ओढली, तेव्हा थेंब थेंब आले, मग एकदम धार लागली. सिंक भरले, पण खालच्या भोकातून पाणी उतरेना. काठावरून ओसंडून ते खालच्या दिवाणखान्यात गेले. आमच्या लाल गालिच्याचा रंग कच्चा निघाला आणि पांढऱ्या गाद्यांवर उतरला. दुसऱ्या दिवशी प्लायवूड फुगले. गिऱ्हाईक सज्जन होते. आवाज चढविला नाही, फक्त घर परत पाठविले. उस्तादांची तीन आठवड्यांची मजुरी अडकली. त्याहून मोठे म्हणजे त्यांचे नाव अडकले. चूक आमचीही होती. कापड देताना 'हे भिजणार आहे का?' एवढा प्रश्न आम्ही विचारला नाही. तोटा निम्मा निम्मा वाटून घेतला आणि ठरविले की हे काम समजून घेऊन पुन्हा करायचे.

राणीच्या घराचे तळघर

हे काम पूर्वी कोणी केले आहे का, याचा शोध घेतला तेव्हा इंग्लंडच्या राणी मेरी यांच्या बाहुलीघराची माहिती मिळाली. ते 1921 ते 1924 या काळात तयार झाले. त्याचा नकाशा सर एडविन ल्युटेन्स यांचा. हेच ल्युटेन्स त्या काळात नव्या दिल्लीचे काम पाहत होते. आजचे राष्ट्रपती भवन त्यांनीच आखलेले. म्हणजे एका हाताने 340 खोल्यांचा वाडा आणि दुसऱ्या हाताने टेबलाएवढे घर.

या घराचे माप एका फुटाला एक इंच, म्हणजे बारावा हिस्सा. त्यात वीज आहे, चालणाऱ्या लिफ्ट आहेत, गरम आणि थंड पाण्याचे नळ आहेत आणि पाणी सोडून धुतली जाणारी शौचालयेसुद्धा आहेत. सुमारे दीड हजार चित्रकार, कारागीर आणि कारखानदारांनी त्यासाठी हात लावला. 1924 मध्ये वेम्बले येथील प्रदर्शनात सोळा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. आज ते विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्या देशाच्या कारखानदारांसाठी तो आपल्या मालाचा नमुनाच होता.

आमचे लक्ष मात्र एका गोष्टीवर खिळले. हे घर एका उंच बैठकीवर उभे आहे. टाक्या आणि यंत्रसामग्री त्या बैठकीत लपविलेली आहे. पाहणारा दिवाणखान्यातील झुंबर पाहतो. घर चालते ते खालच्या अंधाऱ्या पेटीवर. उस्तादांनी नळावर जीव ओतला होता, पण खाली काही ठेवलेच नव्हते.

जझरीचा मोर

या बाबतीत आपल्या पूर्वजांना विसरून चालणार नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या नावाने प्रसिद्ध असलेल्या तीन भावांनी 'किताबुल हियल' लिहिली. उर्दू शाळेत शिकलेल्यांना 'हीला' हा शब्द ठाऊक आहे. 'हियल' हे त्याचेच अनेकवचन, म्हणजे युक्त्या. त्यात पाण्याची भांडी, कारंजी अशी शंभराच्या आसपास यंत्रे आहेत. पुढे दियारबक्र येथे अर्तुकी सुलतानांच्या चाकरीत असलेल्या अल-जझरी यांनी 1206 मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला.

जझरींनी हात धुण्यासाठी एक मोर बनविला होता. मोराची शेपटी ओढली की चोचीतून पाणी येई. हात धुतलेले पाणी खाली पात्रात साचे. ते चढू लागले की त्यावर तरंगणारा ठोकळा वर येई, दार उघडे आणि एक छोटा नोकर साबणाची पूड घेऊन पुढे येई. पाणी आणखी चढले की दुसरा नोकर रुमाल घेऊन येई. वाचकांनी लक्ष द्यावे की येथे सर्व करामत स्वच्छ पाण्याने होत नाही, वापरून खाली गेलेल्या पाण्याने होते. आठशे वर्षांपूर्वी या उस्तादाने सांडपाण्यालाही कामाला लावले होते. आमच्या उस्तादांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "शेठ, आपण मोरी विसरलो."

पाणी लहान होत नाही

नळ आधी का आला नाही, याचे कारण आम्हाला आमच्याच धंद्यात सापडले. कोऱ्या ग्रे कापडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा वर बसून राहतो, कारण सुतावर खळ आणि कापसाचे मूळचे मेण असते. तेच कापड सोडा घालून उकळून धुतले की थेंब लगेच आत शिरतो आणि कापडाचे टोक पाण्यात ठेवले तर पाणी आपोआप वर चढते. पाण्याला स्वतःची एक पकड असते. मोठ्या घरात ती जाणवत नाही, छोट्या घरात तीच मालकीण होते.

हिशेब असा आहे. घरातला अर्ध्या इंचाचा नळ बारा पटीने लहान केला तर नळीचे पोट जेमतेम एक मिलिमीटर राहते. एवढ्या बारीक नळीत पाणी आपल्या पकडीने सुमारे तीन सेंटीमीटर वर चढून अडकून बसते. आत हवेचा एक बुडबुडा आला तर वाट बंद. दुसरे म्हणजे पाण्याचा जोर टाकीच्या उंचीवर असतो. आपल्या घरात टाकी नळाच्या तीन मीटर वर असेल तर बाहुलीच्या घरात ती पंचवीस सेंटीमीटर वर, म्हणजे जोर बारावा हिस्सा. तिसरे म्हणजे नळीचे पोट निम्मे केले की पाणी निम्मे होत नाही, सोळावा हिस्सा होते. आणि थेंब? तो माप ऐकतच नाही. नळाच्या तोंडून पडणारा थेंब चार मिलिमीटर रुंद असतो. बाहुलीच्या हिशेबाने तो लिंबाएवढा झाला.

टाकीचे मात्र उलट आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बारा पटीने घटली की पोट 1728 पटीने घटते. आपली हजार लिटरची टाकी तेथे अर्ध्या लिटरच्या थोडी वर भरते. नळ मिनिटभर मोकळा सोडला तरी तेवढे पाणी संपू शकते. ते कोठे जाणार, हे आधी ठरविले पाहिजे.

दुसऱ्यांदा काय केले

उस्तादांनी घर पुन्हा बांधले, या वेळी खालून वर.

पहिले काम खालच्या टाकीचे. घराखाली खण असलेली बैठक केली आणि खणात पत्र्याचे पात्र ठेवले. वरच्या टाकीत अर्धा लिटर मावते, तर खाली पाऊण लिटर. म्हणजे मुलीने नळ उघडा ठेवून झोप काढली तरी घर बुडणार नाही. ही एकच गोष्ट पाळली असती तर आमचा गालिचा वाचला असता.

मग मोरी. नळाच्या नळीपेक्षा मोरीची नळी दुप्पट रुंद घेतली, सरळ उतार दिला, कोठे वाकवली नाही. तरी सिंकच्या भोकावर पाणी पडद्यासारखे अडून राही. येथे आमचे कापड कामाला आले. सुती दोरा सोडा घालून उकळला, म्हणजे त्यातले मेण गेले. तो भोकातून खाली नळीत लोंबता सोडला. पाण्याला दोऱ्याचा हात मिळाला आणि ते सुरसुरत खाली गेले. कोरा दोरा घातला असता तर काहीच झाले नसते. चार बोटांचा धुतलेला दोरा. त्याची किंमत काढता येत नाही, पण काम त्याच्यावर अडले होते.

नळीसाठी औषधाच्या दुकानातून सलाइन लावण्याचा नवा संच आणला. त्याची नळी सुमारे तीन मिलिमीटर पोटाची असते आणि तिच्यावर चाकाची चिमटी असते. ती चिमटी हाच खरा नळ. तो भिंतीमागे लपविला. समोर दिसतो तो पितळेचा नळ फक्त तोंड आहे, दोन मिलिमीटर भोकाचे. सांगायचे तात्पर्य, नळी मापात आणायची नाही, लपवायची. वरच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी भोक ठेवले. ते नसेल तर पाणी थोडे वाहून थांबते, सलाइनच्या बाटलीला हवेची वाट लागते तसेच.

नळ्या ज्या भिंतीत आहेत ती मागची फळी स्क्रूवर ठेवली, डिंकाने चिकटवली नाही. बिघाड झाला तर उघडता आली पाहिजे. मग प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून, टाकी भरून रात्रभर सोडले. सकाळी एका कागदावर चवलीएवढा ओला डाग होता. तो जोड काढून पुन्हा केला आणि आणखी एक रात्र थांबलो. कापडाचेही तेच. प्रत्येक तुकडा पांढऱ्या चिंधीत गुंडाळून, ओला करून, वजनाखाली ठेवला. ज्याने चिंधीला रंग लावला तो बाद.

गिऱ्हाईकाला घर दिले तेव्हा एक चिठ्ठीही दिली : गाळलेले गोडे पाणी वापरावे, खारे पाणी नळीत क्षार धरते, खेळ झाला की दोन्ही टाक्या रिकाम्या करून कोरड्या कराव्यात. साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. मुलीच्या खेळण्यातून तिला आजार मिळू नये, हीसुद्धा कारागिराची जबाबदारी आहे.

बाजार आणि कायदा

असे काम घेणाऱ्यांनी कायदा जाणून घ्यावा. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. विजेविना खेळण्यांना आयएस 9873 आणि विजेच्या खेळण्यांना आयएस 15644 ही मानके आहेत. म्हणजे घरात पाणी वर चढविण्यासाठी छोटा पंप बसविला की माल दुसऱ्या वर्गात जातो. उस्तादांनी पंप टाळला त्याचे एक कारण हेही आहे. उंचीवरून येणाऱ्या पाण्याला ना तार लागते ना बॅटरी. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांना या सक्तीतून सूट दिलेली आहे. ज्यांनी कारागीर ओळखपत्र काढले नाही त्यांनी ते काढावे आणि माल बाजारात आणण्यापूर्वी मानक ब्युरोच्या कार्यालयात खात्री करून घ्यावी. परदेशी खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले. हाताने घडविलेल्या देशी मालाला त्यामुळे जागा झाली आहे. ती भरायची तर माल तसा हवा.

भाव सांगताना पाण्याचे काम लाकडाच्या कामापासून वेगळे लिहून द्यावे. गिऱ्हाईक नळाचे पैसे आनंदाने देते, मोरीचे द्यायला कुरकुरते, कारण मोरी दिसत नाही. मग कारागीर मोरीत काटकसर करतो आणि तेथेच काम बुडते. त्यापेक्षा समजावून सांगावे, आगाऊ रक्कम घ्यावी आणि ज्याला ते पटत नाही त्याला बिननळाचे घर द्यावे.

उस्तादांना त्याच गिऱ्हाईकाच्या नात्यातून आता दुसरे घर सांगितले आहे. या वेळी त्यांनी आधी खण मोजला, मग छप्पर. आम्हीही कापडाचा ताका काढण्यापूर्वी विचारले, "उस्ताद, हे भिजणार आहे का?" ते हसले आणि म्हणाले, "नाही शेठ, इन्शाअल्लाह नाही. पण पक्का रंगच द्या."