टाळ्या कोणासाठी?

शाँ द मार्सवर 1812 सालापासून घोड्यांच्या शर्यती होत आल्या. जिंकलेल्या घोड्याचे नाव आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. मागे राहिलेल्याला कोण विचारतो? उघड्या चाकांच्या मोटारींच्या शर्यती दूरदर्शनवर पाहताना आमचीही हीच खोड होती.

2005 साली नारायण कार्तिकेयन हा पहिला भारतीय जॉर्डन संघातर्फे फॉर्म्युला वनमध्ये उतरला. इंडियानापोलिसला तो चौथा आला, तेव्हा आम्ही वर्गात मिठाई वाटली. एका मुलाने विचारले, “गुरुजी, मोटारी किती होत्या?” टायर फुटण्याच्या भीतीने 14 मोटारी बाजूला झाल्या होत्या, धावल्या 6. आम्ही निरुत्तर झालो.

त्याच वर्षी त्याच संघाचा राखीव चालक होता रॉटरडॅमचा रॉबर्ट डोर्नबोस. टेनिस खेळणारा हा मुलगा 1998 साली बेल्जियमची शर्यत पाहायला गेला आणि मोटारींचाच झाला. पुढे मिनार्डी व रेड बुलतर्फे तो 11 शर्यती धावला. गुण एकही नाही. पण 2007 साली उत्तर अमेरिकेच्या चँप कार मालिकेत त्याने 2 शर्यती जिंकल्या.

त्याच्या गावी, रॉटरडॅमच्या हमरस्त्यांवर, 2005 पासून काही वर्षे शर्यतीच्या मोटारी लोकांना चालवून दाखवीत. तेथे पहिला-दुसरा कोणी नसे. तरी दुतर्फा गर्दी होई.

त्या मुलाचा प्रश्न आता आम्हीच दर वर्गाला विचारतो. मुलांना क्रमांक जरूर सांगा, पण धावले किती तेही सांगा. आणि शेवटी आलेल्यासाठीही एक टाळी राखून ठेवा.